माठाखालचे बेडूक

बेडकाला सुई टोचण्याआधी मास्तर त्याची माफी मागायचे. मनातल्या मनात नाही, चांगली ऐकू येईल अशी. डाव्या हातात बेडूक, उजव्या हातात पिचकारी, आणि "घे बावा, हे तुह्या कामाचं नाई, पण घे," असं म्हणून सुई कातडीखाली. बेडूक बहुधा त्यांच्या तळहातावर लघवी करून आपलं मत सांगून टाकी. मास्तर त्यावर कधी रागावले नाहीत. हात धुता धुता म्हणायचे, की जो मुतला तो जागा आहे असं समजायचं, आपल्याला जागाच बेडूक पाहिजे.

हे अकोल्यातलं, साठ सालाच्या पुढच्या एकदोन वर्षांतलं. एका डॉक्टरांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. खाली लॅब, वर डॉक्टरांचं बिऱ्हाड. लॅबमध्ये माणसं दोनच, मास्तर आणि मी. मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत ते बरीच वर्षं पोरांकडून झुरळं कापून घेत होते, तेवढ्यावरून हे नाव पडलं. पुढं कायम करायची वेळ आली तेव्हा कॉलेजनं मोठी पदवी मागितली. ती यांच्याकडे नव्हती, मग अकोल्याला आले. काकू मात्र अमरावतीलाच राहिल्या. त्या तिथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका, पक्की नोकरी, ती सोडायची कशी? अकरा वर्षं नवरा अकोल्यात आणि बायको अमरावतीत. दर शनिवारी मास्तर एस.टी.नं जायचे, सोमवारी सकाळी परत. काकूंनी दिलेली शंकरपाळी आम्ही दोघं बुधवारपर्यंत पुरवायचो.

आता बेडकांचं काय, ते सांगतो. तेव्हा बाईला दिवस गेलेत की नाही हे आजच्यासारखं घरच्या घरी पट्टी बुडवून कळत नसे. सकाळची पहिली लघवी बाटलीत घालून आमच्याकडे यायची. ती आम्ही नर बेडकाला टोचायचो. मोरीत येऊन बसतो ना, अंगभर खडे असलेला, तो बेडूक. बाईला दिवस गेले असतील तर तिच्या लघवीत एक हार्मोन उतरलेलं असतं. ते बेडकाच्या अंगात गेलं की तीन तासांत त्याच्या लघवीत शुक्रजंतू दिसायला लागतात. काचेवर थेंब घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. वळवळ दिसली तर 'हाव', नाही दिसली तर 'नाई'. मास्तर वहीतसुद्धा हेच दोन शब्द लिहायचे. डॉक्टर इंग्रजीत लिहा म्हणून कानीकपाळी ओरडले, पण हा माणूस ऐकेल तर शपथ.

ते हार्मोन म्हणजे एक प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे निरोप, हे मास्तरांचं आवडतं प्रवचन. शरीरात एक अंग दुसऱ्या अंगाला निरोप धाडतं, ज्याच्या नावाचा असेल त्यालाच तो वाचता येतो, बाकीच्यांच्या अंगावरून वाहून जातो. "आता याच्यात गंमत पाय," ते म्हणायचे, "निरोप बाईच्या अंडाशयाच्या नावाचा. पण आपला बेडूक तो फोडून वाचते." एवढं बोलून ते स्वतःच खूश होऊन हसायचे. हे मी शंभरदा ऐकलं असेल, आणि शंभरही वेळा ते मला नव्यानं सांगतात असंच त्यांना वाटे.

मी दर्यापूरकडचा. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राबणारा, घरात पगाराची नोकरी लागलेला मी पहिलाच, त्यात लग्न होऊन सहा महिने झालेले. आमच्या घरानं नुकताच बौद्ध धर्म घेतला होता, पण धर्म बदलला म्हणून लोकांच्या नजरा थोड्याच बदलतात? पहिल्या दिवशी तहान लागली आणि मी लॅबमधल्या माठापासून हातभर दूर उभा राहिलो. मास्तर सूक्ष्मदर्शकातून मान न काढता म्हणाले, "काहून बे, मी पाजू का तुले? हात नाई का?" एवढंच. मी पाणी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माठ भरायचं काम मी आपणहून घेतलं, आणि तो कोपरा माझाच होऊन गेला.

डॉक्टर तापट. माझ्या आधीच्या माणसाला त्यांनी एक काचेची नळी फुटली म्हणून घरी पाठवलं होतं. मी सकाळी आलो की आधी नळ्या मोजायचो.

मास्तरांचा जीव ज्यात अडकला होता ती वस्तू मात्र खाली नव्हती, वर डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये होती. करंगळीएवढी बंद काचेची कुपी, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. तेच हार्मोन, पण शुद्ध केलेलं, परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून आलेलं. मास्तरांनी त्यांना इतकी पत्रं पाठवली, इतकी पाठवली, की शेवटी कंटाळून त्यांनी कापसात गुंडाळून तीन कुप्या धाडल्या. वर इंग्रजीत चिठ्ठी, की केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, रुग्णांसाठी नाही. रोज अकरा वाजता मास्तर जिना चढायचे. डॉक्टरीणबाईंना म्हणायचे, "बाई, दर्शन घेऊ काय?" बाई हसत दार उघडायच्या. मास्तर वाकून बघायचे, श्रीखंडाचा सट कुपीपासून वीतभर लांब सरकवायचे आणि खाली यायचे. बाईंनी सट पुन्हा जवळ सरकवलेला असे. हे युद्ध वर्षभर चाललं.

ती कुपी म्हणजे मास्तरांची पदवी. आपल्या वऱ्हाडातला बेडूक हा निरोप कमीत कमी किती वाचू शकतो, एवढा एकच प्रश्न घेऊन ते प्रबंध लिहीत होते. मार्गदर्शक अमरावतीला, तेही दिवाळीनंतर निवृत्त होणारे. दोन कुप्या वापरून झाल्या होत्या. तिसरी आषाढात फोडायची होती, कारण बेडूक तेव्हा खरा रंगात येतो. एकदा फोडून पाण्यात मिसळली की दोनतीन महिन्यांत ती वाया जाते, म्हणून थोडी आता थोडी आषाढात असं चालत नव्हतं. आषाढात प्रयोग, दिवाळीआधी प्रबंध, मग कॉलेजात पक्की जागा आणि काकूंच्या हातची भाकर रोज. सगळा हिशोब त्या चिमूटभर भुकटीवर उभा होता, आणि तो आम्हां सगळ्यांना पाठ होता.

शनिवारी एस.टी.त ते जेवणाच्या डब्यातून दोनचार बेडूक न्यायचे, मार्गदर्शकांना दाखवायला. झाकणाला भोकं पाडलेली. एकदा मूर्तिजापूरला गाडी थांबली असताना शेजारच्या भल्या गृहस्थाला वाटलं, डबा आहे, माणूस झोपलाय, लोणच्याची फोड तरी मिळेल. त्यानं झाकण उघडलं. पुढं काय झालं ते मास्तर सांगायचे तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. अख्खी गाडी बाकांवर चढून उभी, कंडक्टर टपावर जायच्या बेतात, आणि मास्तर खाली रांगत रांगत ओरडताहेत, की अकरा नंबरला कोणी पाय लावू नका, तो परीक्षा पास आहे. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. अकरा नंबर एका बाईच्या पिशवीत मेथीखाली सापडला.

ही परीक्षा म्हणजे मास्तरांचा नियम. नवा बेडूक आला की त्याला आधी शुद्ध हार्मोनाचा जरासा डोस द्यायचा. त्यानं 'हाव' म्हटलं तर तो कामावर, नाही म्हटलं तर मोरीत वापस. "जो खऱ्याले हाव म्हणत नाई, त्याच्या नाईले काय किंमत?" असं ते विचारायचे. पण दुसरी कुपी संपली आणि तिसरी तर हात लावायची नव्हती. दसऱ्यापासून त्यांनी स्वतःच परीक्षा बंद केली. आषाढापर्यंत नवे बेडूक तसेच घ्यायचे. त्यांना ते रुचलं नव्हतं, चार दिवस धड बोलले नाहीत माझ्याशी, जसं काही मीच बंद केली होती.

दुसरा नियम निकालाचा. निकाल आधी बाईला, मग बाकीच्यांना. सासू असो, नवरा असो, गावचा पाटील असो, त्यांना बाहेर बसवायचे. मास्तर बाईसमोर उभे राहून सांगायचे, आणि ती हो म्हणाली तरच दार उघडायचे. एका सासूबाईंनी यावरून त्यांना दारात उभं राहून पंधरा मिनिटं शिव्या घातल्या. मास्तर शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मावशी, लघवी तुमची नोती." त्या बाईंनाही हसू आलं.

आता माझा पराक्रम. अकोल्याचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. मी लागलो त्या वर्षी चैत्र संपायच्या आत आमचे पाच बेडूक वाळून मेले. मी डोकं चालवलं. माठाच्या दगडी ओट्याखाली एक पोकळी होती, दिवसभर पाणी झिरपून गार राहणारी. तिथं ओलं पोतं अंथरलं आणि बेडकांची खोकी आत सरकवली. त्यानंतर एक बेडूक मेला असेल तर शपथ. डॉक्टरांनीसुद्धा पाठ थोपटली, आणि डॉक्टर पाठ थोपटतात ही लॅबमध्ये बातमी होती. मी दोन महिने छाती काढून हिंडलो. खोकी मग तिथंच राहिली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पौषाची थंडी पडली, आम्ही मफलर गुंडाळून काम करायला लागलो, तरी मी रोज सकाळी त्या पोत्यावर इमानेइतबारे गार पाणी शिंपडत होतो. आम्हां अकोल्याच्या माणसांना ऊन एवढाच एक शत्रू ठाऊक. थंडीनंही कोणाचं वाकडं होतं, हे डोक्यातच येत नाही.

त्या पौषात अकोटकडची एक बाई आली. नवरा जिनिंगमध्ये कामाला, अगदी मवाळ माणूस, हातात टोपी धरून बसलेला. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नाही. तीन महिने पाळी चुकलेली, पोटात दुखत होतं, हाताला काहीतरी लागत होतं. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनना गोळा वाटत होता. पिशवी काढायची म्हणत होते. पण बाईचा हट्ट, की आधी एकदा बघा. म्हणून बाटली आमच्याकडे आली. मी दिवाळीनंतर आलेल्या दोन नव्या बेडकांना टोचलं. तीन तासांनी बघितलं, चार तासांनी बघितलं, काच पाण्यासारखी स्वच्छ. मी वहीत दोनदा 'नाई' लिहिलं.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे नवऱ्याला बाहेर बसवून तिला सांगितलं. ती रडली नाही, काही नाही. पदर सावरून उठली आणि दारापाशी वळून तिनं विचारलं, "मास्तर, बेडूक खोटं बोलते काय कधी?" मास्तर म्हणाले, नाही. ती गेली, आणि त्या दिवशी मास्तरांनी शंकरपाळ्यांना हात लावला नाही. वही काढून मागची पानं चाळत बसले. दुपारी एकदम म्हणाले, की दिवाळीपासून आपल्याकडे किती 'हाव' आलेत बघ. मी मोजले. नेहमीपेक्षा खूपच कमी होते. लग्नसराईनंतरचे दिवस असतील, असं मी आपलं काहीतरी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माठ भरत होतो. मास्तर माझ्या पायाशी बसले, पोकळीत हात घातला आणि कालच्या दोघांतला एक बेडूक बाहेर काढला. त्याला तळहातावर घेऊन बसून राहिले. बेडूक हलला नाही, लघवी केली नाही, डोळासुद्धा मिटला नाही. मास्तरांनी माझा हात धरला आणि तो बेडूक माझ्या हातावर ठेवला. नदीतला गोटा ठेवल्यासारखं वाटलं मला. मला सगळं कळलं, इतका गारठलेला बेडूक निरोप वाचूच शकत नाही. आणि ऑपरेशन तर उद्यावर होतं.

मास्तर तडक मोठ्या दवाखान्यात गेले, मला सांगून, की या दोघांना राहू दे, तिसराच एक बेडूक गच्चीवर उन्हात नेऊन ऊब दे. बाईची ताजी बाटली घेऊन आले. ऊब दिलेल्या बेडकाला टोचली. अकरा वाजले, बारा वाजले. मास्तरांनी डोळा लावला आणि मला खुणेनं बोलावलं. काचेवर बारीक बारीक वळवळ, भरपूर. मी आनंदानं उडीच मारायचा बाकी होतो. ते पुन्हा दवाखान्यात गेले आणि तोंड उतरवून परत आले. सर्जन म्हणाले होते, काल तुमच्याच लॅबनं लिहून दिलं, दोन बेडूक नाही म्हणतात. आज एक हो म्हणतो. दोनांचं ऐकू की एकाचं? पोट दुखतंय तिचं, मी बेडकांच्या मर्जीवर थांबू? काल ते दोघं चुकले हे दाखवा, मग बोलू.

दाखवायचं कसं, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. त्या दोघांना खरं हार्मोन द्यायचं. खऱ्यालाही ते नाही म्हणाले, तर त्यांच्या कालच्या नाहीला अर्थ नाही.

मास्तर जिना चढले. दर्शन घेऊ काय, असं त्या दिवशी विचारलं नाही. कुपी घेऊन खाली आले, टेबलावर ठेवली. मी म्हणालो, मास्तर, आषाढ. त्यांनी छोट्या कानशीनं कुपीची मान घासली, कापसात धरून मोडली. टक् असा आवाज झाला, तेवढाच. कालच्या त्या दोघांना पोकळीतच ठेवून त्यांनी भरपूर डोस दिला, एरवीच्या चौपट. आणि त्या दिवशी ते बेडकांची माफी मागायला विसरले.

तीन तास आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो. सर्जनना मास्तरांनी चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं, आणि तेही भले, आले. स्वतः डोळा लावला. पहिली काच स्वच्छ. दुसरी काच स्वच्छ. बैल जागा होईल एवढं हार्मोन अंगात घेऊन ते दोन बेडूक दगडासारखे पडून होते. सर्जननी मग तिसरी काच बघितली, उन्हातल्या बेडकाची. चष्मा पुसला, पुन्हा बघितली. म्हणाले, दोन आठवडे थांबतो. दोन आठवड्यांनी थांबायची गरजच उरली नाही. त्यांना हातालाच पोर लागलं.

शनिवारी मास्तर अमरावतीला गेले, सोमवारी आले. मी विचारलं, काकू काय म्हणाल्या? तर म्हणे, आधी विचारलं, बाई ठीक आहे ना. मग रविवारभर बोलली नाही. डबा नेहमीसारखाच भरून दिला होता, पण तो आम्ही उघडला नाही, मंगळवारी कधीतरी उघडला.

आणखी एक कुपी मागायची तर कारण सांगणं आलं. मी म्हणालो, फुटली लिहा. फ्रीजमध्ये श्रीखंडाचा सट आपटून फुटली. कोण बघायला येतंय सातासमुद्रापलीकडून? मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "बाईच्या श्रीखंडाले काहून बदनाम करतं?" म्हणाले, आणि डॉक्टरांच्या टाइपरायटरवर दोन बोटांनी दोन दिवस खटखट करत बसले. लॅबमधून जाणारं प्रत्येक पत्र डॉक्टर वाचून सही करत. तेही वाचलं. मग मास्तरांना आत बोलावून दार लावून अर्धा तास बोलले. मी बाहेर नळ्या मोजत होतो आणि माझी पाळी कधी येते याची वाट बघत होतो. ती आलीच नाही. डॉक्टरांनी मला त्या बेडकांबद्दल एक शब्दही विचारला नाही. मला वाटलं, सुटलो, बेडूक कशानं गारठले ते पत्रात नसावं.

उत्तर यायला महिना लागला. फार सभ्य पत्र होतं. आपली अडचण समजली, परंतु पदार्थ ठरलेल्या कामासाठी वापरला गेला नाही, त्यामुळे पुन्हा पाठवता येत नाही, क्षमस्व. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मला फार राग आला होता, मी त्या लोकांच्या सात पिढ्यांना काहीबाही बोललो. मास्तर म्हणाले, "त्याइचा नियम बराबर हाये. आपुन मोडला तेबी बराबर हाये. चाल, ते बेडूक उन्हात ने."

आषाढात त्या बाईला मुलगी झाली. नवरा अकोटहून केळीचा घड खांद्यावर घेऊन आला, मोठ्या दवाखान्यात सर्जनना देऊन गेला. आमच्याकडे आला नाही. दिवाळीनंतर अमरावतीचे मार्गदर्शक निवृत्त झाले. मास्तर पुढं आणखी नऊ वर्षं शनिवारच्या गाडीला बसत राहिले, काकू निवृत्त होऊन अकोल्याला येईपर्यंत. मी मध्येच सरकारी दवाखान्यात लागलो, बदल्या होत गेल्या. भेटी विरळ झाल्या.

मास्तर गेल्याचं मला उशिरा कळलं. काकू पुन्हा अमरावतीला भावाकडे राहायला गेल्या होत्या, तिथं भेटायला गेलो. त्यांनी एक पत्र्याची पेटी पुढं केली. म्हणाल्या, यातलं तुला काही कळत असेल तर बघ, नाहीतर रद्दीत जाईल. वर प्रबंधाची पानं, खाली वह्या, त्यात ते 'हाव' आणि 'नाई'. सगळ्यांत तळाशी त्या पत्राची कार्बन कॉपी. मी उभ्यानंच वाचली. सगळं जसंच्या तसं लिहिलेलं होतं. बाईचं वय, बेडकांचे नंबर, डोस, वेळा, सर्जनचं म्हणणं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आणि मध्ये एक वाक्य होतं, की बेडकांची खोकी पाण्याच्या माठाखाली मी स्वतः ठेवली होती, आणि थंडीत ती हलवण्याचं मला सुचलं नाही.

मी खाली बसलो. मला रडू आवरेना. काकूंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काकू, हे खोटं आहे. ती खोकी मी ठेवली होती. माझी नोकरी गेली असती.

"मले मालूम हाये," काकू म्हणाल्या. "त्या शनिवारी आले अन् चप्पल काढायच्या आधी मले तेच सांगतलं त्यायनं. बेडूक पोरानं ठेवले, म्हणे, पण परीक्षा मी बंद केल्ती."